आईनं लिहून द्यायचा कागद

गारखेडा, औरंगाबाद
११ जून २०१२

बद्रीनाथ,

मी तुझी आई आहे, असं मी सहीनिशी लिहून द्यावं, असा कागद तुझ्याकडून आला आहे. म्हणून हे पत्र. नाहीतर चार वर्षं जे चाललं होतं तेच चालू राहिलं असतं. तू फोनवर फक्त बायको-मुलीशी बोलत होतास आणि मी फोन वाजला की उठून आत जात होते.

कागद नीट वाचला. तुझ्या नागोयाच्या कचेरीला हवंय ते असं: माझं नाव, लग्न कधी झालं, मला मुलं कोणत्या क्रमानं झाली, आणि त्यांतला बद्रीनाथ आप्पासाहेब औताडे हा मीच जन्माला घातलेला. हे मिळालं की जपानी नागरिक होण्याचा तुझा अर्ज पुढं सरकणार. सोबत तू एक ओळ लिहिली नाहीस. सही कुठं करायची तिथं मात्र पेन्सिलीनं फुली मारली आहेस. मी सगळी नोकरी सहकार खात्यात लेखापरीक्षणात काढली. सही कुठं करायची हे मला आजवर कुणी दाखवलेलं नाही.

आता माझं ऐक. तू त्या देशाचा व्हायला निघाला आहेस, आणि त्या देशाची तुझी बायको माझ्या घरात राहते. गोदावरीचा, म्हणजे पासपोर्टवरच्या किमिको इवाताचा, भारतीय नागरिकत्वासाठीचा अर्ज मी जानेवारीत कलेक्टर कचेरीत दिला आहे. कायदा सरळ आहे. भारतीय माणसाशी लग्न झालेली आणि सात वर्षं इथं राहिलेली बाई अर्ज करू शकते. तिला नऊ वर्षं झाली. अट एवढीच की नवरा भारतीय पाहिजे. तू आधी जपानी झालास तर ती भारतीयाची बायको राहत नाही आणि तिचा अर्ज तिथंच संपतो. ती आधी भारतीय झाली तर तिचं जपानी नागरिकत्व जातं, आणि जपानी बाईचा नवरा म्हणून तुला मिळणारी सवलत जाते. तुम्हा दोघांपैकी जो आधी आत जाईल, त्याच्यामागं दुसऱ्याचं दार लागेल.

ती आधी जाईल, असं मी ठरवलं आहे. तुला नोकरी आहे, तू थांबू शकतोस. तिला दर वर्षी पोलीस आयुक्तालयात परदेशी लोकांच्या खिडकीपुढं उभं राहून मुदत वाढवून घ्यावी लागते. खिडकीतला माणूस दर वर्षी बदलतो आणि दर वर्षी तेच विचारतो, कधी जाणार. घरच्या सुनेनं घरात राहायची परवानगी मागायची, हे मला पटत नाही.

तेव्हा आधी तू पाठवायचं: तुझ्या भारतीय पासपोर्टची वकिलातीतून साक्षांकित केलेली प्रत, आणि बायकोच्या अर्जाला पाठिंबा असल्याचं प्रतिज्ञापत्र. ते पोचलं की मी तुझी आई असल्याचं लिहून देईन.

रेवा पहिलीत गेली. दोघी बऱ्या आहेत.

द्वारका औताडे


गारखेडा
९ जुलै २०१२

बद्रीनाथ,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी आणि त्यांत तीन आरोप.

तू लिहितोस, दोनदा तिकिटं पाठवली आणि दोन्ही वेळा मी त्यांना अडवलं. पहिल्या वेळी रेवाला गोवर होता. दुसऱ्या वेळी तिची बालवाडी नुकती सुरू झाली होती आणि तिथल्या बाईंपाशी मी शब्द टाकून प्रवेश मिळवला होता. तिसऱ्यांदा तू पाठवलीच नाहीस. ते तू थांबवलंस, मी नाही.

दुसरं, तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात का? कारण आपल्या गल्लीत गेल्या वर्षी दोन घरं फुटली. घराचं खरेदीखतही त्याच कप्प्यात आहे. गेटला कुलूप असतं तेही चोरांसाठी. ती बाहेर जात नाही असं नाही. भाजीला आम्ही दोघी उस्मानपुऱ्याला जातो. संध्याकाळी ती गच्चीवर फेऱ्या मारते. पूर्वी थोडा वेळ मारायची, हल्ली अंधार पडेपर्यंत मारते. मी बोलावलं की खाली येते.

तिसरं, तू लिहितोस, ‘किमिकोला विचार.’ तिला विचारायचं काय? ती इथं नांदते आहे. तू वेरूळ-अजिंठ्याला जपानी पाहुणे फिरवायचास तेव्हा चित्रांच्या नकला करायला आली होती, तेव्हा तिला डाव्या-उजव्या हातानं जेवायचं कळत नव्हतं. आज भाकरी माझ्याहून पातळ थापते. रोज सकाळी मला इन्सुलिन तीच टोचते, कारण माझ्या बोटांना कंप आहे. पण तो मुद्दा नाही. तिला काही नको असेल तर तिला तोंड आहे.

जपानात नारा गावी तिची आई वृद्धांच्या निवासात आहे आणि माणसं विसरायला लागली आहे, हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी गोदावरी म्हणाली होती, जाऊन येते. मी तिला समजावलं की अर्जाआधीचे बारा महिने सलग इथं राहिल्याचं दाखवावं लागतं, बाहेर पाऊल टाकलं तर सगळं पहिल्यापासून. तिनं मान हलवली. विषय संपला.

आता कामाचं. पोलीस चौकशी होऊन गेली आणि बिघडली. रामकिसन नावाचा शिपाई आला तेव्हा मी नेमकी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं होते. त्यानं शेजारच्या मनकर्णाबाईला गाठलं. ही चिकलठाण्याची बाई, जमीन विकून आमच्या गल्लीत घर बांधलं, तू गेल्यानंतर तिची आणि गोदावरीची फार गट्टी. त्यानं विचारलं, इथं किमिको इवाता नावाची जपानी बाई राहते का. मनकर्णाबाईनं सांगितलं, “जपानी-बिपानी इथं कुणी नाय. द्वारकाबाईची सून हाय, गोदावरी. पैठणाकडली आसंल.” तो लिहून घेऊन गेला.

मी जाऊन चांगलं खडसावलं. तर म्हणते, “मला काय म्हाईत बाई, गोरी हाय येवढंच दिसतंय.” चार वर्षं ओट्यावर बसून जिच्याबरोबर शेंगा सोलल्या, ती बाई कुठली हे हिला कळलं नाही. अडाणीपणाला औषध नाही.

गोदावरी तेव्हा घरातच होती. म्हणते, नळ सोडलेला होता, ऐकू आलं नाही.

तुझे कागद अजून आलेले नाहीत.

द्वारका औताडे


गारखेडा
२८ ऑगस्ट २०१२

बद्रीनाथ,

कलेक्टर कचेरीनं बोलावून घेतलं. ‘सदर पत्त्यावर अर्जदार राहत असल्याचे आढळून येत नाही’ असा अहवाल गेला आहे. अधिकारी तरुण आहे, बोलायला नम्र आणि डोक्यानं चलाख. त्यानं आपले कागद टेबलावर दोन ढिगांत लावले. एका बाजूला पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला, त्यावर किमिको इवाता. दुसऱ्या बाजूला रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक, रेवाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, त्यावर गोदावरी बद्रीनाथ औताडे. मग मला म्हणाला, “मॅडम, तुमच्या कागदांप्रमाणं किमिको लग्न करून या घरात आली आणि गोदावरी राहते आहे. मग पहिली बाई गेली कुठं?”

मी त्याला सांगितलं की आपल्याकडं सुनेचं नाव बदलतात, त्यात नवल काही नाही. माझंही बदललं. माहेरी मी इंदुमती होते, कॉलेजच्या पदवीवर अजून तेच आहे. तुझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘गोदावरी’ हे नाव तूच लिहिलंस, मी फक्त सुचवलं. नाव चांगलं आहे. आणि बाळाच्या जन्माची नोंद करताना दवाखान्यात आईचं नाव विचारलं तर मी घरात ज्या नावानं हाक मारते तेच सांगणार. तिथं कोण पासपोर्ट घेऊन बसतो?

अधिकारी म्हणाला, पद्धत माझ्याही घरात आहे, पण दिल्लीला ती कशी सांगू? दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करा, रेवाच्या जन्मदाखल्यात आईचं नाव दुरुस्त करून आणा, मग पोलिसांना पुन्हा पाठवतो.

मग त्यानं तिच्याकडं वळून विचारलं, “तुम्हाला स्वखुशीनं भारतीय व्हायचंय ना?” ती माझ्याकडं बघून म्हणाली, “आत्याबाईंना पाहिजे.” तो हसला. “आत्याबाई आधीच आहेत,” म्हणाला. कारकूनही हसला, तीही हसली. परदेशी बाईला शब्दांचा मेळ बसत नाही कधी कधी. मी तिच्या वतीनं हो म्हटलं. त्यानं लिहून घेतलं नाही, पुढच्या वेळी विचारीन म्हणाला.

महापालिकेच्या जन्मनोंदणीत वेगळंच. तिथला कारकून कागद उलटसुलट करून म्हणाला, नावात काना-मात्रा चुकली तर दुरुस्त करतो, पण हे आडनावासकट सगळं बदलतंय, ही दुरुस्ती नाही, ही आई बदलणं झालं. मी त्याला कायद्याचं कलम दाखवलं. तो म्हणाला, साहेबांना भेटा. साहेब दौऱ्यावर. रोज जाते. गोदावरी बरोबर असते, पिशवी तीच धरते. काल रिक्षात तिनं विचारलं, आत्याबाई, कागदावर आज मी रेवाची कोण आहे? मी म्हटलं, उगाच काहीतरी विचारू नकोस.

पण खरं सांगायचं तर त्या घटकेला ती कागदावर कुणीच नव्हती. किमिको म्हणून ती इथं सापडत नाही, आणि गोदावरी म्हणून जी सापडते तिच्याकडं पासपोर्ट नाही.

तुझ्याकडल्या अधिकाऱ्यानंही म्हणे तुला विचारलं, बायको जपानी, ती भारतात, तू भारतीय, तू जपानात, हे कसं? त्याला काय सांगितलंस ते कळव. मलाही इथं सांगायला उपयोगी पडेल.

द्वारका औताडे


गारखेडा
१७ सप्टेंबर २०१२

बद्रीनाथ,

आज मुक्तिसंग्राम दिन, कचेऱ्यांना सुट्टी, म्हणून निवांत लिहिते.

तुझं पाकीट मिळालं. पासपोर्टची प्रत आहे, प्रतिज्ञापत्र आहे, दोन्हींवर शिक्के स्पष्ट आहेत. सोबतच्या चिठ्ठीत ‘आई, मी थकलो. घे.’ एवढंच आहे. चाळिशी न ओलांडलेल्या माणसानं थकल्याची भाषा करू नये. मी अडुसष्टाव्या वर्षी महापालिकेचे जिने चढते आहे.

आणि ते काम झालं. साहेब दौऱ्यावरून आले, त्यांनी प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला आणि दवाखान्याची नोंदवही समोर ठेवून वाचली आणि सही केली. रेवाच्या दाखल्यावर आता आईचं नाव किमिको बद्रीनाथ औताडे असं आहे. शाळेतही बदललं. रेशन कार्डाचं पुढच्या आठवड्यात. आता फक्त पोलिसांचा नवा अहवाल, की फाईल मुंबईला आणि तिथून दिल्लीला.

सकाळी रेवाच्या शाळेत झेंडावंदन होतं. मुख्याध्यापकांनी मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी सांगितलं की माझा जन्म निजामाच्या राज्यातला, चार वर्षांची असताना पोलीस ॲक्शन झालं आणि आम्ही भारताचे झालो. माझे वडील म्हणायचे, रयतच होतो, रयतच राहिलो, फक्त दरबार बदलला. मला कुणी विचारलं नव्हतं तुला कुठली व्हायचंय. विचारलं असतं तर चार वर्षांची पोर काय सांगणार? आणि वाईट काही झालं नाही. हे मी मुलांना सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गोदावरी मागच्या रांगेत बसली होती. तिनं वाजवल्या की नाही, मला दिसलं नाही. मोतीबिंदू वाढला आहे.

तुझं निवेदन मी लिहायला घेतलं आहे. दिलेला शब्द मी मोडत नाही. पण तिचं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत ते माझ्याजवळ राहील. मधेच तुझा अर्ज पुढं सरकला आणि इकडं सगळं अडलं, असं नको. यात अविश्वासाचं काही नाही. कामाची पद्धत आहे.

घरात शांतता आहे. रेवा अभ्यासाला बसते, गोदावरी गच्चीवर असते, मी खाली. तू असायचास तेव्हा फार आवाज असायचा.

द्वारका औताडे


गारखेडा
६ नोव्हेंबर २०१२

बद्रीनाथ,

हे पत्र दोनदा फाडलं. आता जे लिहीन ते पाठवीन.

परवा दुपारी रामकिसन शिपाई पुन्हा आला. या वेळी मी घरात होते. ओट्यावर खुर्ची दिली, चहा दिला. नवं रेशन कार्ड दाखवलं. तो म्हणाला, “कागद बेस हायेत, पण मला शेजारच्याचा जबाब लागतो.” मी मनकर्णाबाईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली. त्यानं विचारलं, “ही बाई किमिको इवाता, जपानची, इथंच राहती का?”

मनकर्णाबाई माझ्याकडं बघून बोलेल अशी माझी समजूत. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. दारात उभ्या गोदावरीला म्हणाली, “काय सांगू गं? या बारीला काय सांगू?”

शिपाई एकदा हिच्याकडं बघे, एकदा तिच्याकडं. मीच म्हटलं, तिला काय विचारते आहेस, जे खरं ते सांग. तर मनकर्णाबाई कंबरेवर हात ठेवून माझ्यापुढं उभी राहिली. “खरं सांगू, द्वारकाबाई? मागच्या बारीला म्या खोटं बोलले. ही जपानची हाय हे मला पयल्या दिवसापासून म्हाईत हाय. हिनंच हात धरून सांगितलं व्हतं, माझं नाव घेऊ नका म्हणून. आन् तुम्ही मलाच अडाणी ठरवलं. कोंबडीचे पंख छाटायचे आन् म्हणायचं, बघा कशी अंगणात रमली.”

रामकिसन भला माणूस. चहा संपवून उठला. म्हणाला, घरचं घरात बघा, मी आठ-पंधरा दिवसांनी येतो, तवर काही लिहीत नाही.

मनकर्णाबाई गेल्यावर मी गोदावरीला समोर बसवलं. विचारलं, हे खरं का?

“व्हय, आत्याबाई.”

मी म्हटलं, एवढे दिवस मी जिने चढते आहे, डोळे नसताना कागद वाचते आहे, मला का सांगितलं नाहीस?

ती म्हणाली, “तुम्ही विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मग तिनं जे सांगितलं ते तुला ठाऊक असेल, मला नव्हतं. तिची आई हल्ली फोनवर तिला ‘बाई’ म्हणते. निवासातली एखादी कामाची बाई समजून बोलते. पण मधूनच आवाजावरून ओळखते आणि लहानपणचं एक गाणं म्हणायला लावते. ते किती दिवस चालेल, डॉक्टर सांगत नाहीत. ती म्हणाली, “मी भारतीय झाले तर आईकडं जायला मला व्हिसा लागेल. नाही झाले तर तुमच्याकडं यायला लागेल. आत्याबाई, एका आईकडं जायला व्हिसा लागणारच. तो तुमच्याकडं लागू द्या. तुम्ही मला विसरणार नाही.”

मी म्हटलं, चहाची कपबशी उचल. तिनं उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणं इन्सुलिन घेऊन आली. नेहमीप्रमाणं म्हणाली, दंड सैल सोडा. मी सैल सोडला. मी तिला थांबवू शकते, हे मला माहीत आहे. तुझे कागद माझ्याकडं, तिचे कागद माझ्याकडं. ती उघड नाही म्हणणार नाही. या पंधरा दिवसांत मी मनकर्णाबाईला चार शब्द सुनावले, रामकिसनला बोलावलं, तर महिन्याभरात फाईल मुंबईला जाईल. प्रमाणपत्र येईल. मग ती इथून कुठं जाणार?

हे मी लिहिलं आणि मीच पुन्हा वाचलं. ‘मग ती इथून कुठं जाणार’ हे वाक्य माझ्या अक्षरात आहे.

रेवानं काल विचारलं, आजी, तू बोलत का नाहीस? दात दुखतो, म्हटलं.

द्वारका औताडे


गारखेडा
१० जानेवारी २०१३

बद्रीनाथ,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. किमिको घेऊन येईल.

अर्ज मागं घेतला. मागं घेण्याचं पत्र तिनं स्वतः लिहिलं, देवनागरीत, आणि मी ते तपासायला मागितलं नाही. अधिकारी म्हणाला, “मॅडम, एवढी पायपीट करून?” मी म्हटलं, पायपीट वाया गेली नाही. आणि खरंच गेली नाही. जो जन्मदाखला मी तिला इथं ठेवण्यासाठी दुरुस्त करून घेतला, त्याच्यावरच रेवाचा जपानचा व्हिसा झाला. जुन्या दाखल्यावर झालाच नसता, मुंबईच्या त्यांच्या कचेरीत तसं स्पष्ट सांगितलं. पोरीची आई गोदावरी आहे म्हटल्यावर किमिकोबरोबर तिला कोण पाठवणार? म्हणजे हे दार मीच माझ्या हातानं उघडलं, फक्त ती आत यावी म्हणून उघडत होते.

रामकिसनला अर्ज मागं घेतल्याचं कळवलं. त्याला वाईट वाटलं. म्हणाला, आता तर मला ते नाव नीट म्हणता यायला लागलं होतं.

तुझ्यासाठी निवेदन लिहिलं. मुलं क्रमानं लिहायची होती, म्हणून तुझ्याआधीची पहिली. ती बारशाआधीच गेली, तेव्हा नावाच्या जागी रेघ ओढली. तुझ्या कचेरीनं विचारलं तर सांग, तिथं काही राहून गेलेलं नाही, तेवढंच आहे. दुसरा तू. तिसरं कुणी नाही. सही केली, पण तुझ्या फुलीवर नाही, तिच्या खाली, जिथं असायला हवी तिथं.

तू आता जपानी होशील. नाव काय घेणार आहेस ते किमिकोनं सांगितलं, इवाता. सासरचं नाव लावणारा आपल्या घराण्यातला तू पहिलाच पुरुष. आप्पासाहेब असते तर आठवडाभर जेवले नसते. मी काल रात्री भात आणि पिठलं नेहमीइतकंच जेवले.

रेवा अजून भारतीय आहे. मोठी झाल्यावर तिलाही कुठली तरी एक निवडावी लागेल. तेव्हा तिला विचारा. सांगू नका.

माझी काळजी करू नका, आणि करत असाल तर कळवू नका. मनकर्णाबाईला इन्सुलिन टोचायला शिकवलं आहे. तिचा हात म्हशीला टोचल्यासारखा आहे, पण वेळेला पक्की आहे. वर स्वतःच म्हणते, “आता तुमचे पंख माझ्या हातात, द्वारकाबाई.” मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. ती सोबत येणार आहे, बोलून बोलून डॉक्टरांना बेजार करील.

उद्या सकाळी चिकलठाण्याहून विमान आहे. मी विमानतळावर जाणार नाही. तिथं आत सोडत नाहीत आणि काचेबाहेर उभं राहायची मला सवय नाही. गेटपर्यंत जाईन.

तुझी आई,
सोबतच्या निवेदनाप्रमाणं


ताबा-नोंद
गारखेडा, १० जानेवारी २०१३

खालील कागद आणि वस्तू आज मी, द्वारका आप्पासाहेब औताडे, माझ्या कपाटातून काढून माझी सून किमिको बद्रीनाथ औताडे, माहेरचं नाव इवाता, यांच्या ताब्यात दिल्या.

जपानी पासपोर्ट, एक.

लग्नाचा नोंदणी दाखला, मूळ प्रत.

रेवाचा भारतीय पासपोर्ट, व्हिसासह. दुरुस्त केलेला जन्मदाखला.

बद्रीनाथला जन्म दिल्याबद्दलचं निवेदन, सहीसह, बंद पाकिटात.

बद्रीनाथनं पाठवलेलं प्रतिज्ञापत्र, वापर न झाल्यानं परत.

लग्नात घातलेली एकदाणी, एक. ही घेणारीनं आज सकाळी काढून माझ्या उशाशी ठेवली होती. पुन्हा तिच्या गळ्यात घातली.

देणार: द्वारका आप्पासाहेब औताडे
घेणार: किमिको औताडे
साक्ष: मनकर्णाबाई, निशाणी डावा अंगठा

शेरा: मोजून दिलं, मोजून घेतलं. कमी काही निघालं नाही.